फिर्यादीत नाव आलं म्हणून मुलगा गुन्हेगार ठरतो का?

पत्र थोडक्यात: हिंगोली जिल्ह्यातल्या एका निवृत्त जिल्हा परिषद शिक्षकांचं हे पत्र आहे. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न परभणी जिल्ह्यातल्या एका शेतकरी घरात ठरलं. मुलगा वाळूजच्या एका कंपनीत नोकरीला आहे. साखरपुडा झाला, मे महिन्यातली तिथी निघाली. पत्रिका छापायला टाकणार, तेवढ्यात भावकीतल्या एकाने २०२१ सालच्या बातमीचं कात्रण मोबाईलवर पाठवलं. बांधाच्या वादातून मारहाण, नऊ जणांवर गुन्हा दाखल, आणि नऊ नावांत सहावं नाव होणाऱ्या जावयाचं. मध्यस्थ म्हणाला, 'किरकोळ आहे, खेड्यात हे चालतंच.' मुलाच्या वडिलांनी 'खोटी केस आहे' एवढं सांगून विषय संपवला. गुरुजी लिहितात, 'आमच्या घरातलं कुणी आजवर पोलीस ठाण्याची पायरी चढलेलं नाही. गुन्हा दाखल झाला म्हणजे काहीतरी केलंच असणार. तो आरोपी आहे हे आता सगळ्या भावकीला कळलंय. गुन्हेगाराच्या घरी मुलगी कशी द्यायची? मोडावं तर मुलीला बोल लागतो, द्यावी तर जन्माचा घोर. काय करू?'

गुरुजी, नमस्कार.

पत्रिका छापायचं आठ-पंधरा दिवस थांबवा. लग्न मोडल्याचा निरोपही आज धाडू नका. या दोन्हींच्या मधे करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते सगळं तुमच्या आवाक्यातलं आहे.

तुमच्या पत्रात आधी मुलाचं 'नाव आलं', मग तो 'आरोपी' झाला आणि शेवटच्या ओळींत 'गुन्हेगार' झाला. चार-पाच वाक्यांत तुम्ही तिन्ही पायऱ्या चढून गेलात. त्याच पायऱ्या चढायला कोर्टाला वर्षं लागतात आणि कितीतरी वेळा कोर्ट मधूनच खाली उतरतं. तुमच्यावर रागावून मी हे म्हणत नाही. आपण सगळेच असं बोलतो. निजामाच्या राज्यात आपल्याकडे कोर्टाचं कामकाज उर्दूत चालायचं, तेव्हाच्या लोकांच्या तोंडी मुल्जिम आणि मुजरिम असे दोन वेगळे शब्द होते. ज्याच्यावर इल्जाम आहे तो मुल्जिम, ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला तो मुजरिम. आता 'आरोपी' या एकाच शब्दावर सगळं भागतं. काल ताब्यात घेतलेला संशयितही बातमीत आरोपी आणि जन्मठेप झालेलाही आरोपीच. वाचणाऱ्याच्या मनात दोघांचा चेहरा एक होऊन जातो.

म्हणून आधी 'गुन्हा दाखल झाला म्हणजे काहीतरी केलंच असणार' या तुमच्या वाक्याकडे पाहू. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा गुन्ह्याची, खबर ठाण्यात आली की ती नोंदवून घेणं पोलिसांना बंधनकारक असतं. २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हे स्पष्ट केलं. काही मोजके प्रकार सोडले तर खबर खरी की खोटी हे आधी तोलून मगच नोंदवू, असं अधिकाऱ्याला म्हणता येत नाही. म्हणजे गुन्हा दाखल झाला याचा अर्थ पोलिसांना ते पटलं असा होत नाही. कुणीतरी येऊन सांगितलं आणि ते वहीत उतरलं, एवढाच त्याचा अर्थ. तिचं नावच 'प्रथम खबर' आहे. तपास तिच्यापासून सुरू होतो. कोर्टात तर प्रथम खबर स्वतःच्या बळावर पुरावाही ठरत नाही. खबर देणारा साक्षीला उभा राहिला की तेव्हा काय बोलला होतास आणि आता काय बोलतोस, हे ताडून पाहायला ती कामी येते.

फिर्यादीची प्रत तुम्ही अजून पाहिलेली दिसत नाही. पाहाल तेव्हा तिच्यात साधारण या धर्तीचं वाक्य सापडेल: 'यातील आरोपींनी संगनमत करून, गैरकायद्याची मंडळी जमवून, बांध का कोरला असे विचारल्याच्या कारणावरून फिर्यादीस अश्लील शिवीगाळ करून काठीने व लाथाबुक्क्यांनी मारहाण केली व जिवे मारण्याची धमकी दिली.' तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना हे वाक्य इतक्या वेळा समोर येतं की कागद न पाहता म्हणता येईल. हे फिर्यादीचे शब्द क्वचितच असतात. तो चिडून, घाबरून, कधी डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत जे सांगतो ते ठाणे अंमलदार कलमांच्या साच्यात बसवून लिहितो. शिवीगाळ म्हणजे भारतीय दंड संहितेचं कलम ५०४. काठी आली की ३२४, लाथाबुक्क्या म्हणजे ३२३, धमकी म्हणजे ५०६. आणि 'गैरकायद्याची मंडळी' म्हणजे १४३, १४७ आणि १४९. वाक्यातला एकेक तुकडा एकेका कलमाची जागा भरतो.

यातलं १४९ नीट समजून घ्या, कारण तुमच्या जावयाचं सहावं नाव बहुधा त्याच्यामुळे आलेलं असेल. पाच किंवा अधिक माणसं एका बेकायदेशीर उद्देशाने जमली आणि तो उद्देश पार पाडताना त्यांच्यातल्या एकाने गुन्हा केला, तर जमावातल्या प्रत्येकाला त्याचा जाब द्यावा लागतो, त्याने स्वतः हात उचललेला असो की नसो. चार नावं दिली तर मंडळी होत नाही, पाच दिली की होते. त्यामुळे भाऊबंदकीच्या भांडणात समोरच्या घरातली आठवतील तेवढी नावं सांगायचा मोह होतो. बाप, चुलते, शिकणारी पोरं, नोकरीनिमित्त बाहेर राहणारा आणि त्या आठवड्यात गावी आलेला मुलगा, कधी सासवा-सुनासुद्धा. दुसऱ्या बाजूनेही त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी फिर्याद पडते आणि तिथेही तितकीच नावं असतात. काठी एकाच्या हातात असते, आरोपी मात्र दोन्हीकडचे मिळून सोळा-सतरा होतात.

म्हणून अशा फिर्यादी खोट्याच असतात असं समजू नका. बांधावर खरोखर डोकी फुटतात, हात मोडतात, माणसं जिवानिशी जातात. 'खोटी केस आहे' हे वाक्य मी प्रत्येक आरोपीच्या घरी ऐकलं आहे, खऱ्या केसमध्येही आणि खोट्या केसमध्येही. त्या वाक्यावरून काहीच ठरत नाही. कात्रणावरूनही ठरत नाही.

(घटना २०२१ ची आहे, म्हणून तिला जुनी दंड संहिताच लागू राहील. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हेच गुन्हे ११५, ११८, ३५१, ३५२ अशा वेगळ्या आकड्यांखाली आहेत. कुणी मोबाईलवर भलते आकडे दाखवले तर गोंधळून जाऊ नका.)

गावातला आरोप आणि कायद्यातला आरोप यांत मला सगळ्यांत मोठा वाटतो तो फरक असा. गावातला आरोप माणसावर होतो, त्याच्या घरावर, त्याच्या रक्तावर होतो. 'तसलीच जात आहे ती', 'बापही असाच होता.' कायद्यातला आरोप एका कृत्यावर असतो. खटला पुढे सरकला की न्यायदंडाधिकारी दोषारोप निश्चित करतात. त्यात कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी, कोणाविरुद्ध, कोणत्या कलमाखालचं काय केलं, हे लिहावं लागतं. ते आरोपीला समजेल अशा भाषेत वाचून दाखवायचं आणि गुन्हा कबूल आहे का, असं विचारायचं. तो नाकबूल म्हणाला की साक्षीदार येतात. 'हा माणूसच वाईट चालीचा आहे' असा दोषारोप लिहिता येत नाही. इतकंच काय, आरोपीने स्वतःहून आपल्या चांगल्या चालीचा पुरावा आणला नसेल, तर त्याची चाल वाईट आहे हा पुरावा सरकारी पक्षाला त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. जुन्या साक्ष कायद्याचं कलम ५४ हेच सांगत होतं आणि नव्या अधिनियमातही ते टिकून आहे. त्या दिवशी बांधावर काय घडलं, एवढाच कोर्टापुढचा प्रश्न.

दुसरा फरक ओझ्याचा. गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये, चोरीचा आळ येतो, हे आपण लेकरांना सांगतो. स्यमंतक मण्याची कथा तुम्ही वर्गात सांगितलीही असेल. मणी सत्राजिताचा, तो गळ्यात घालून शिकारीला गेला त्याचा भाऊ प्रसेन, त्याला मारलं सिंहाने, मणी गेला जांबवंताच्या गुहेत आणि आळ आला कृष्णावर. मग कृष्णालाच रानात माग काढत जावं लागलं, गुहेत शिरून लढावं लागलं, मणी आणून सगळ्यांसमोर ठेवावा लागला. 'कृष्णानेच घेतला हे तू दाखव' असं सत्राजिताला कुणी म्हटलं नाही. आपल्या गावांत आजही तसंच चालतं. ज्याच्यावर आळ, त्यानेच बेलभंडार उचलायचा, त्यानेच लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची. गप्प बसला तर 'पाणी मुरतंय'. कायद्यात हे उलटं आहे. आरोप करणाऱ्याने, म्हणजे फौजदारी खटल्यात सरकारने, वाजवी संशयाला जागा उरणार नाही इतकं सिद्ध करायचं. आरोपी एक शब्द न बोलता बसून राहिला तरी चालतं. राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणी भाग पाडू शकत नाही.

आता तुमच्या मनात येईल, मग मी डोळे मिटून मुलगी द्यायची का? अजिबात नाही. आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व माणसाला तुरुंगात टाकू शकणाऱ्या कोर्टासाठी आहे. तुम्ही मुलीचे वडील आहात. तुम्हाला संशय येऊ शकतो, प्रश्न विचारता येतात, समाधान झालं नाही तर नाही म्हणता येतं आणि त्यासाठी कसलाही पुरावा कुणापुढे ठेवावा लागत नाही. 'आमचं मन घेत नाही' एवढं कारण पुरेसं आहे. फक्त नाही म्हणताना त्याला गुन्हेगार म्हणू नका. घरात खाजगीत चौकशी करणं वेगळं आणि कात्रण भावकीच्या ग्रुपवर टाकून 'बघा कसल्या घरात चाललो होतो' लिहिणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला कायद्यात बदनामी म्हणतात आणि तो आरोप मग तुमच्यावर येईल.

चौकशी कशी करायची ते सांगते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रकाशित गुन्ह्यांचा विभाग आहे. जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारखा टाकल्या की लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे वगळता बहुतेक फिर्यादी तिथे वाचता येतात. नंतर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या मोबाईल अ‍ॅपवर जा. जिल्हा आणि तालुक्याचं कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने किंवा गुन्हा क्रमांकाने शोधा. या कलमांची केस बहुधा 'आर.सी.सी.', म्हणजे नियमित फौजदारी खटला, म्हणून दिसेल. पुढची तारीख, मागच्या तारखांना काय झालं, खटला कोणत्या टप्प्यावर आहे, सगळं तिथे असतं. आडनाव एकच असलेली चार माणसं एकाच गावात असतात, तेव्हा वडिलांचं नाव जुळतंय का पाहा. स्वतःला जमत नसेल तर शाळेतल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला हाताशी घ्या, पण कात्रण पाठवणाऱ्या भावकीतल्या माणसाला नको.

टप्पा महत्त्वाचा आहे. कधी कधी तपासातच पोलीस म्हणतात की या तिघांविरुद्ध पुरावा नाही, आणि जुन्या प्रक्रिया संहितेच्या कलम १६९ प्रमाणे त्यांची नावं वगळून बाकीच्यांवर दोषारोपपत्र पाठवतात. कोर्टाच्या आवारात 'त्याचं एकशे एकोणसत्तर झालं' असं म्हणतात ते हेच. वर्तमानपत्रात नऊ नावं छापून आली, दोषारोपपत्रात सहाच गेली, ही बातमी कुठेही येत नाही. कधी दोषारोप निश्चित व्हायच्या आधीच कोर्ट दोषमुक्त करतं. कधी साक्षी होऊन निर्दोष सुटका होते. आणि सुटकेतही फरक असतो. साक्षीदार फितूर झाले म्हणून सुटका झाली असेल तर 'मारहाण झालीच नाही' असं कोर्टाने म्हटलेलं नसतं. निकाल हाती आला तर शेवटचं पान वाचून थांबू नका, मधली कारणंही वाचा.

खटला चालू असेल तर एक सोपी वाट आहे. दोषारोपपत्र, साक्षीदारांचे जबाब, पंचनामा, सरकारी दवाखान्याचं जखमेचं प्रमाणपत्र, या सगळ्याच्या प्रती आरोपीला फुकट द्याव्या लागतात. म्हणजे ती फाईल मुलाच्या वकिलाकडे आहेच. ती पाहू द्या, असं त्यांना सरळ म्हणा. फाईलमध्ये दोन गोष्टी शोधा. एक, जखमेच्या प्रमाणपत्रावर जखम साधी लिहिली आहे की गंभीर. हाड मोडलं असेल तर 'किरकोळ' हा मध्यस्थाचा शब्द तिथेच संपला. दोन, जबाबांमध्ये तुमच्या जावयाच्या नावापुढे काय लिहिलं आहे. 'सदर इसमाने डोक्यात काठी मारली' असं आहे, की 'इतरांनी लाथाबुक्क्यांनी मारले' यातल्या इतरांत तो बसतो आहे? सगळ्या केसचा जीव या एका ओळीत असतो.

पण कागदाआधी माणसाला विचारा. बाप बोलला, मध्यस्थ बोलला, भावकी तर बोलतेच आहे. ज्याचं नाव आहे त्याला तुम्ही अजून एकही प्रश्न विचारलेला नाही. त्याला एकट्याला बोलवा, नाहीतर तुम्ही वाळूजला जाऊन या. 'त्या दिवशी तू कुठे होतास आणि तू काय केलंस असं त्यात लिहिलंय?' एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. तो बहुधा म्हणेल, मी सोडवायला गेलो होतो. हे खरंही असू शकतं आणि पाठ केलेलंही, म्हणून कागद ताडून पाहा. वकिलाने बोलू नकोस सांगितलंय असं म्हणाला तर तेही रास्त आहे, अशा वेळी फाईल दाखवायची तयारी आहे का ते बघा. 'माझाही हात उठला, चुकलं' असं म्हणाला तर त्या मुलाची किंमत माझ्या मनात वाढेल. आणि त्याने सांगितलेलं त्याच्या-तुमच्यात ठेवा. ते गावात फिरलं तर उद्या कुणीतरी सरकारी वकिलाला जाऊन सांगेल.

आधी का सांगितलं नाही, हा तुमचा राग मात्र मला पूर्ण रास्त वाटतो. केसपेक्षा लपवणं मला जास्त टोचतं. २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने नोकरीच्या संदर्भात असाच विचार केला होता. उमेदवाराने आपल्यावरच्या खटल्याची माहिती खरी दिली पाहिजे. खटला क्षुल्लक असेल तर नोकरी देणारा तो सोडून देऊ शकतो, पण माहिती दडवणं ही स्वतंत्र बाब म्हणून पाहिली जाते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना हे चांगलं ठाऊक आहे. साखरपुड्याआधी मुलाने मध्यस्थाला सांगितलं होतं का? मध्यस्थाने ते गाळलं का? की मुलगाच बोलला नाही? हे तिघांना वेगवेगळं विचारा. दोष मध्यस्थाचा असेल तर शिक्षा मुलाला नको.

खटला चालू असल्याचे काही त्रास खरे आहेत आणि ते तुम्हाला माहीत असावेत. तारखांसाठी वाळूजहून रजा काढून यावं लागेल. कोर्टात केस प्रलंबित असताना पासपोर्ट अडू शकतो, परदेशी जायचं तर कोर्टाची परवानगी लागते. सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती दिसते. उद्या शिक्षा झालीच, तरी पहिलाच गुन्हा आणि साधी जखम असेल तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली बंधपत्रावर सोडण्याचा अधिकार कोर्टाला आहे. काही कलमं आपसात मिटवता येतात. वैयक्तिक स्वरूपाच्या भांडणात दोन्ही बाजूंचं एकमत झालं तर उच्च न्यायालय फिर्याद रद्द करू शकतं. २०१२ च्या ग्यानसिंग खटल्यात हे मान्य झालं, आणि त्यासाठी आपल्या लोकांना मुंबईपर्यंत जावं लागत नाही, छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ आहे. पण 'केस मिटवा, मगच लग्न' अशी अट घालू नका. तुमची तिथी समोरच्या भाऊबंदांना कळली की तडजोडीचा भाव त्याच दिवशी वाढतो.

मला खरी काळजी वाटते ती बांधाची. केस २०२१ ची, पण बांध आजही तिथेच आहे. भूमी अभिलेखची मोजणी झाली का? हद्दीच्या खुणा दोन्ही घरांनी मान्य केल्या का? शेतरस्त्याचा काही अर्ज तहसीलमध्ये पडून आहे का? वाद जिवंत असेल तर दर पेरणीला तो उकरला जाईल, आणि पुढच्या फिर्यादीत घरातली नवी सून म्हणून तुमच्या मुलीचंही नाव येऊ शकतं. वाळूजला संसार असला तरी सणावाराला, पेरणी-काढणीला ती गावी येणारच. त्या घरातली माणसं भांडण कसं हाताळतात, राग आला की काय करतात, हे गावातल्या दोन-तीन तटस्थ माणसांकडून जाणून घ्या. त्यांच्या शाळेत तुमच्या ओळखीचे शिक्षक असतीलच. कोर्टाला जे विचारता येत नाही ते तुम्हाला विचारता येतं, आणि तुम्ही ते जरूर विचारा.

आणखी एक गोष्ट. तुमच्या पत्रात भावकी आहे, मध्यस्थ आहे, व्याही आहेत, घराण्याचं नाव आहे. मुलगी काय म्हणते याबद्दल एक ओळही नाही. तिला हे कळलं आहे का? साखरपुड्यानंतर ती त्याच्याशी फोनवर बोलत असणार. त्याने तिला हे आधीच सांगितलेलं असण्याचीही शक्यता आहे, आणि वडील भडकतील म्हणून ती गप्प असेल. तसं असेल तर 'लपवलं' या तुमच्या तक्रारीचं अर्धं उत्तर तुमच्याच घरात आहे. तिला न विचारता लग्न मोडलं तर तिचा संसार एका कात्रणावर मोडला असं तिला आयुष्यभर वाटेल, न विचारता लावून दिलं तर उद्या काही झालं तेव्हा ती तुमच्याकडे यायला कचरेल. फाईल आली की तिला शेजारी बसवून वाचा. तिचं मत तुमच्यापेक्षा वेगळं निघालं तर माझा कौल तिच्या बाजूला राहील. मोडल्याने तिला बोल लागेल ही भीती मी समजू शकते, पण बोल लागू नये एवढ्यासाठी कुणी मुलगी देऊ नये.

हे सगळं मी बांधावरच्या मारहाणीच्या केसबद्दल लिहिलं. इतर वाचकांनी ते जसंच्या तसं उचलू नये. स्थळावर आधीच्या बायकोला मारल्याचा, हुंड्यासाठी छळल्याचा, एखाद्या मुलीच्या विनयभंगाचा आरोप असेल, तर 'अजून सिद्ध कुठे झालंय' हे उत्तर मुलीच्या बापाने स्वीकारू नये. अशा वेळी निकालाची वाट पाहत बसण्याचं कारण नाही. जिने फिर्याद दिली तिच्या माहेरी एखादी वडीलधारी बाई पाठवून तिची बाजू ऐकून घ्या. वेगवेगळ्या वर्षांत, वेगवेगळ्या माणसांनी एकाच प्रकारच्या फिर्यादी दिल्या असतील तर एकही सिद्ध झाली नसली तरी थांबा. तिथे चूक झाली तर किंमत मुलीच्या जिवाची असते. बांधाच्या केसमध्ये मी जी सवलत देते ती इथे देणार नाही.

आणि ज्यांचं स्वतःचं नाव कुठल्या फिर्यादीत आहे त्या मुलांना एवढंच सांगते, की स्थळ बघायला जाल तेव्हा पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच हे बोला. मध्यस्थावर सोडू नका. फिर्यादीची प्रत, केसचा क्रमांक आणि सध्याचा टप्पा असा एक कागद जवळ ठेवा. नाव वगळलं गेलं असेल किंवा निर्दोष सुटका झाली असेल तर आदेशाची प्रमाणित प्रत कोर्टाच्या नक्कल विभागातून काढून घ्या, ती नोकरीतही लागते. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. चौकशीसाठी १५१०० हा फोन क्रमांक आहे.

गुरुजी, येत्या रविवारी व्याह्यांना फोन करा आणि म्हणा, 'लग्नाला नकार दिलेला नाही. मला मुलाशी एकदा निवांत बोलायचं आहे आणि केसची फाईल पाहायची आहे.' त्यावर ते काय म्हणतात आणि फाईलमध्ये काय निघतं, ते मला कळवा.